उपाशीपोटी

आईला नळीतून बाहेर यायला उशीर झाला, आणि ऋजुतानं खुर्ची पडद्याजवळ ओढली.

आई म्हणजे आईच्या रक्तातलं एक प्रथिन. आणि उशीर म्हणजे तरी किती, पापणी लवायला लागतो त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकाही नाही. पण पडद्यावर जी दोन शिखरं, एक निरोगी प्रथिनाच्या खुणेचं आणि एक आईचं, एकावर एक बसायला हवी होती, ती शेजारी शेजारी उभी राहिली होती, भांडून वेगळ्या झालेल्या जावांसारखी. नमुन्यावर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. पण दत्त मंदिरातल्या रक्ततपासणीच्या शिबिरात त्या कुपीवर क्रमांकाची पट्टी चिकटवली होती ती ऋजुतानंच. तो क्रमांक लक्षात ठेवायचा नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि ठरवल्यामुळेच तो लक्षात राहिला होता.

तिनं तो नमुना पुन्हा लावला. शिखर जागचं हललं नाही.

मिरजेला आजारी माणसं लांबून लांबून येतात, तशी आता रक्तंही येत. सांगली, जत, विजापूरपर्यंतच्या कुप्या थंड पेट्यांतून या प्रयोगशाळेत उतरत, आणि हे यंत्र त्यांचं पुढलं आयुष्य वाचून दाखवी.

यंत्राचं काम समजायला अवघड नाही. माणसाचं वजन काट्यावर कळतं, पण तो ताठ उभा आहे की मांडी घालून बसलाय ते काटा सांगत नाही. मास स्पेक्ट्रोमीटर हा असाच एक काटा, रेणूंचं वजन करणारा, आणि त्याच्याइतका बारीक काटा दुसरा नाही. पण विसरण्याच्या रोगात बिघडतं ते वजन नव्हे, घडी. प्रथिन म्हणजे लांबच लांब धागा. तो नेमक्या रीतीनं दुमडला जातो तेव्हाच कामाला येतो. दुमड उलटी पडली तर धागा तोच, वजन तेच, आणि करणी मात्र विषाची. म्हणून काट्याच्या अलीकडे एक नळी जोडलेली असते, वायू भरलेली. रेणूंवर विजेचा भार चढवला की त्यांचे आयन होतात आणि विजेच्या ओढीनं त्या नळीतून पळत सुटतात. गच्चीवरून घडी घातलेली साडी टाकली तर धपकन खाली येते. तीच साडी सुटी टाकली तर वाऱ्याला अडत, फुगत, रेंगाळत येते. नळीतही तसंच. नीट दुमडलेलं प्रथिन वायूला कमी आपटतं आणि लवकर पोचतं. विस्कटलेलं मागे राहतं. या पळापळीला आयन मोबिलिटी म्हणतात, आणि मागे राहिलेल्याला प्रयोगशाळेतले लोक म्हणत, उलटी घडी.

उलटी घडी दिसली म्हणजे विसरणं पुढच्या आठ-दहा वर्षांत येणार. औषध अजून निघालं नव्हतं. कायदा मात्र निघाला होता. पासष्टीपुढच्या प्रत्येकाची चाचणी, आणि घडी उलटी निघेल त्याच्यासाठी, मग वय काहीही असो, जोडसही. म्हणजे बँकेत, दवाखान्यात, कुठंही त्याच्या सहीशेजारी घरातल्या एकाची सही. गाडी चालवायची नाही. लहान मुलांची जबाबदारी घ्यायची नाही. हेतू चांगलाच होता, विसरभोळ्या म्हाताऱ्यांना लुबाडणाऱ्यांची संख्या काही कमी नव्हती. पण ऋजुताची आई, प्रमिलाबाई, बाबा गेल्यापासून पाळणाघर चालवत होती. अर्ध्या ब्राह्मणपुरीतली मुलं तिच्या मांडीवर वाढलेली. त्यातली कितीतरी आता आपली मुलं आणून सोडत आणि जाताना म्हणत, पमाआजी, हा माझ्यापेक्षा द्वाड आहे, बघा बाई.

अहवालाखाली सही ऋजुताची लागे. नौशाद शिकलगार, तिच्या हाताखालचा संशोधक, शेजारीच उभा होता. तो म्हणाला, ताई, हा अहवाल मी बघतो, तुम्ही आज घरी जा. पण उद्या तरी काय वेगळं होणार होतं? इतकी वर्षं परक्यांच्या आयांच्या अहवालांवर ती सह्या करत आली होती. तिनं सही केली.

घरी गेल्यावर तिनं आईला स्वतःच सांगितलं. आईनं ऐकून घेतलं, देवापुढची वात जरा सारखी केली आणि विचारलं, "खाली सही तुझीच आहे ना गं?"

"हो."

"मग बरोबरच असणार."

त्यानंतरचं घर ऋजुताला आठवतं ते दबा धरून बसलेलं. आई काय विसरते, याकडे सगळ्यांचे डोळे. पूर्वी आईनं मिठाचा डबा साखरेच्या जागी ठेवला तर हसणं व्हायचं. आता कुणी हसेना. बंगळूरहून भाऊ, मिलिंद, रोज फोन करी आणि गप्पांच्या मिषानं आईची परीक्षा घेई. आई, आपल्या जुन्या गवळ्याचं नाव काय होतं? आईला ते कळे. उत्तर देण्याआधी तिचा श्वास अडके, आणि श्वास अडकला की नावही अडके. पाळणाघराच्या दारावरची पाटी तिनंच उतरवली. शेवटचं मूल न्यायला आलेली त्याची आई रडली, पण मूल घेऊन गेली.

सगळ्यात वाईट झालं ते पहाटेचं. आई रोज आंघोळ करून नामावळी म्हणायची, मोठ्यानं, न अडखळता. ऋजुताला लहानपणापासून जाग यायची ती त्याच आवाजानं. आता ती मध्येच थांबू लागली. एक नाव निसटे, ती मागे जाई, पुन्हा तिथंच थांबे. मग एका सकाळी ऋजुताला जाग आली तर घर गप्प होतं. आई देवापुढे बसली होती आणि तिचे नुसते ओठ हलत होते. मोठ्यानं म्हटलं आणि चुकलं तर कुणी ऐकेल, ही भीती. ऋजुता पांघरुणात तशीच पडून राहिली. यंत्रानं आठ-दहा वर्षं सांगितली होती. हे तर आताच सुरू झालं होतं. रोग आधी आला की रोगाचं भय, हे कुठल्या नळीतून तपासायचं?

पुढे एका एकादशीला दुपारी ती आणि नौशाद डबे उघडून बसले होते. नौशाद कितीतरी दिवस एका गोष्टीपाशी अडला होता, ती त्यानं पुन्हा काढली. दत्त मंदिराच्या शिबिरात पाचात एकाची घडी उलटी निघाली होती. त्याच्या मोहल्ल्यात, सतारमेकर गल्लीपलीकडे, रमझानात शिबिर घेतलं तेव्हा दुपारी रक्त घेऊनही उलट्या घड्या शोधल्या सापडत नव्हत्या. वयं तीच, पाणी तेच, हवा तीच. प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी हे योगायोगावर ढकललं होतं.

बोलता बोलता त्याची नजर ऋजुताच्या डब्यात गेली. साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, तूप सुटलेलं, कडेला बटाट्याचा कीस.

"ताई, आज तुमची एकादशी ना? मग हे एवढं?" तो हसला. "आमच्या अम्मीला हे दाखवलं तर म्हणंल, असला रोजा मी बारा महिने ठेवते की."

"अरे, उपास आहे, उपाशी नाही," ऋजुता म्हणाली. हे वाक्य तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चेष्टेनं म्हटलं जात आलेलं, ते आपसूक तोंडातून आलं.

आणि तिचा घास हातातच राहिला.

शिबिराची तारीख ठरवायला बसले होते तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, एकादशीला घ्या, त्या दिवशी सगळे उपाशीच असतात. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, तिनंही. जिच्या घरात एकादशी दुप्पट खाशी हे रोजचं बोलणं, तिनंसुद्धा.

ती डबा तसाच टाकून घरी गेली. आई ओसरीवर वाती वळत होती. शिबिराच्या दिवशी तू काय खाल्लं होतंस, असं ऋजुतानं विचारल्याबरोबर आईचा चेहरा परीक्षेतल्या मुलासारखा झाला. ऋजुतानं तिचा हात धरला, हळूहळू सांग म्हणाली. तेव्हा आई म्हणाली की सकाळी लवकर वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी केली होती, ती खाऊनच गेले. रक्त घेणाऱ्या मुलीनं विचारलं, आजी, उपाशी ना? मी म्हटलं, हो बाळ, उपास आहे.

पुढचे काही आठवडे ऋजुता आणि नौशादनं त्या एका शब्दामागे घालवले. हे प्रथिन रक्तातली चरबी वाहून नेतं. दाणे, तूप असं पोटात गेलं की ते चरबीला कवेत घ्यायला उघडतं. नमुना यंत्रात घालण्याआधी चरबी धुऊन काढतात, त्यामुळे वजनात काही फरक दिसत नाही. पण उघडलेल्या घडीची सुरकुती काही तास राहते. आणि नळीला सुरकुती काय, उलटी घडी काय, दोन्ही सारखीच रेंगाळलेली. खरं काय ते कळायला माणूस खरोखर उपाशी हवा. मोठ्या साहेबांनी सगळं ऐकून डोक्याला हात लावला आणि पहिली फेरतपासणी प्रमिलाबाईंची करायला परवानगी दिली. अट एवढीच की आदला अख्खा दिवस नुसत्या पाण्यावर, आणि ताडून बघायला त्याच घरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी रक्त, तसंच उपाशीपोटी घेतलेलं.

आईनं ऐकलं आणि तिचा जुना स्वर क्षणभर परत आला. "म्हणजे मी पाणी पिऊन राहायचं, आणि तू समोर बसून खिचडी चापायचीस, असं नाही चालायचं. तुझंच रक्त दे."

ऋजुता हसली, पण आतून काहीतरी सरकलं. प्रयोगशाळेतल्या कुणीच आजवर स्वतःची चाचणी केली नव्हती. पासष्टीच्या आत सक्ती नव्हती, आणि हौस कुणाला असणार? हलवायाला आपल्या मिठाईचं माहीत असतं म्हणून तो ती खात नाही, तसं होतं ते. ती पंचेचाळिशीची होती. लग्न केलं नव्हतं. या घरात ती आणि आई, एवढंच.

पुढची एकादशी दोघींनी पाण्यावर काढली. द्वादशीला सकाळी पारण्याचा स्वयंपाक अर्धा करून ठेवून दोघी प्रयोगशाळेत गेल्या. रक्त नौशादनं घेतलं. आईला यंत्र बघायचं होतं. तिनं नळीच्या वेष्टनावर हलकेच हात ठेवला, लहान मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. "एवढ्याशा जागेत पळतात होय रे सगळे?" तिनं नौशादला विचारलं, आणि मग घाबरून हात मागे घेतला. नौशादनं तिला रिक्षात बसवून घरी पाठवलं. पारण्याची वेळ टळायला नको होती.

आईचा नमुना आधी लागला. पडद्यावर एक शिखर वर आलं, आणि सरळ घडीच्या खुणेवर बरोबर बसलं. नौशादनं पुन्हा लावलं. पुन्हा बसलं. खुर्ची गर्रकन फिरवून त्यानं ऋजुताकडे बघितलं, आणि त्याचे डोळे भरलेले होते. ऋजुतानं देव्हाऱ्याच्या दिशेला, घराच्या दिशेला हात जोडले.

मग तिचा नमुना लागला.

शिखर आलं. थोडं उशिरा. त्यातलं काही आईच्या शिखराखाली आणि काही उजवीकडे, एकटं.

खोलीतलं वातानुकूलन अचानक मोठ्यानं ऐकू यायला लागलं. नौशादनं दुसरी कुपी भरून लावली. नळीतून तेवढाच उशीर झाला. यावेळी सुरकुतीची सोय नव्हती. आईच्या आणि तिच्या पोटात कालपासून सारखंच पाणी होतं.

बाबांकडून आलं असेल, ऋजुताच्या मनात आलं. बाबा विसरायच्या वयापर्यंत पोचलेच नव्हते.

मग नौशाद बोलला. पडद्याकडे बघत, तिच्याकडे न बघता. "ताई, सकाळी चहा घेतला असंल तुम्ही. दुधाचा. नाहीतर चार दाणे टाकले असतील तोंडात. काही खाल्लं असलं तर नमुना रद्द होतो. पासष्टीच्या आत पुन्हा कुणी मागत नाही. जरा आठवून बघा."

आठवून बघा. तो किती मायेनं म्हणाला होता, आणि त्याला कळलंही नाही की तिच्या अंगावर काटा का आला.

कारण तिला आठवेना.

सकाळी तिनं चहाचं आधण ठेवलं होतं, नेहमीच्या सवयीनं. ओतलाही होता. मग? कोशिंबिरीच्या कुटासाठी दाणे भाजले होते, खमंग वास सुटला होता, एक दाणा सोलून बोटात धरला होता. मग? तोंडात घातला की नाही? ती जितकं आठवू बघे तितकं ते चित्र पुसट होई. हा मोह होता की हेच ते, सुरू झालेलं? खरं सांगायचं तर तिला मनापासून वाटत होतं, खाल्ला असू दे. एक दाणा. आणि मग सही तिची राहील, नोकरी राहील, आईच्या पाळणाघरात संध्याकाळी जाऊन मुलांना हसवता येईल, आणि आठ-दहा वर्षं कुणी तिच्याकडे तसं बघणार नाही, जसं ती आईकडे बघत आली होती.

ती नौशादला म्हणाली, विचारून सांगते. आणि घरी निघाली.

रस्ता रोजचा होता. तरी कोपऱ्यावर ती थांबली आणि डावीकडे वळायचं ना, असं तिनं स्वतःला विचारलं. विचारलं आणि घाबरली. भय असं शिरतं, तिला वाटलं. घरात शिरलं होतं तसंच.

आईनं दार उघडताच ऋजुतानं आधी तिचं सांगितलं. चूक होती, आई. तुझी घडी सरळ आहे. अगदी सरळ. आई काही क्षण तशीच उभी राहिली, मग आत जाऊन देवापुढे डोकं टेकलं, आणि बाहेर आली ती दहा वर्षांनी लहान होऊन. पाटी माळ्यावर ठेवलीय, ती काढ म्हणाली. मिलिंदला फोन लाव म्हणाली, त्याला सांगते, गवळ्याचं नाव धोंडीबा होतं, आणि त्याच्या म्हशीचंही नाव सांगते हवं तर. नैवेद्याचं पान वाढलेलं होतं: वरणभात, लिंबाची फोड, कोशिंबीर. त्याच्यापुढे बसून आई ऋजुताचं ताट वाढायला लागली.

तेवढ्यात फोन वाजला. नौशाद. त्याला संध्याकाळपर्यंत नोंद घालायची नव्हती, पण मोठे साहेब विचारत होते. ऋजुतानं त्याला थांब म्हटलं आणि फोन तसाच हातात धरून आईकडे वळली.

"आई, सकाळी निघण्याआधी मी काही खाल्लं होतं का गं? नीट आठवून सांग."

एरवी या शब्दांनी आईचा श्वास अडकला असता. आज ती हसली. कुणीतरी तिला पुन्हा आठवायला सांगत होतं, आणि ती भीत नव्हती.

"काही नाही. चहा ओतलास, मग मी बघतेय असं बघून मोरीत ओतलास. दाणे भाजताना एक सोललास, हा असा दोन बोटांत धरलास. मी म्हटलं, पारण्याआधी नको. परत परातीत टाकलास. उपास नाही म्हणायचा त्याला. उपाशी होतीस तू, माझ्यासारखीच." तिनं वरणावर तुपाची धार सोडली. "मला सगळं लख्ख आठवतंय."

ऋजुता नैवेद्याच्या पानाकडे बघत राहिली. आई वर बघायला लागली, कौतुकाची वाट बघत असल्यासारखी, आणि तिला मुलीचा चेहरा दिसला. मग हातातला फोन दिसला. प्रयोगशाळेत दोघींचं रक्त दिलं होतं, आणि आल्यापासून मुलीनं एकीचंच सांगितलं होतं.

तुपाची पळी हवेतच थांबली. तूप थेंब थेंब पाटावर पडत राहिलं.

"नाही गं," आई म्हणाली. आवाज एकदम म्हातारा झाला होता. "थांब. टाकलास वाटतं तू तो दाणा तोंडात. टाकलासच. माझं काय, मी हल्ली विसरते. माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस तू. मला मेलीला कुठं काय आठवतंय."

समोर नैवेद्याचं पान होतं. जन्मभरात त्या पानासमोर आई खोटं बोलली नव्हती.

फोनमधून नौशाद हळूच म्हणाला, ताई?

ऋजुतानं आईच्या हातातली पळी काढून घेतली, तुपाच्या भांड्यात ठेवली, आणि तो हात आपल्या हातात घट्ट धरून फोन कानाला लावला.

"लिही, नौशाद. उपाशीपोटी," ती म्हणाली. "आईला सगळं लख्ख आठवतंय."